गाडी उभी अन् बॅटरी आडवी

यावेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गाडी चालवतोय तोवर सगळं मस्त, उभी करून ठेवली की बॅटरी बसते. त्यातली पाच निवडलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, पण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत त्यामुळे ते वगळून खाली उडी मारू नका.

प्रश्न: माझी गाडी ४५ अँपअवरच्या (अँपअवर म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीवर चालते. आठवड्यातून एकदा-दोनदाच बाहेर निघते. तीन-चार दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि बास. बॅटरी बदलून झाली, नवीही तशीच बसते. दुकानदार म्हणतो बॅटरी ओके आहे, गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर ओके आहे, १४.२ व्होल्ट देतोय. दोघंही खरं बोलत असतील तर मग चार्ज जातो कुठे?

उत्तर: दोघंही खरंच बोलत असतील हो. अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारा जनरेटर) बॅटरी भरतो की नाही हे इंजिन चालू असताना कळतं, आणि तुमचं दुखणं इंजिन बंद झाल्यावरचं आहे. तेव्हा १४.२ व्होल्ट ऐकून निर्धास्त व्हायचं कारण नाही आणि तिसरी बॅटरी घ्यायचं तर मुळीच नाही.

आधी एक साधी चाचणी करा, त्यात मीटर सोडून काही लागत नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, चार्जर काढल्यावर हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावून बंद करा म्हणजे वरवरचा फुगलेला व्होल्टेज उतरतो, मग निगेटिव्हचा क्लँप दहाच्या पान्याने सैल करून काढा आणि बाजूला बांधून ठेवा, परत टेकणार नाही असा. दोन-तीन तासांनी व्होल्टेज लिहून ठेवा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर सेल्फ मारायची आशा कमीच. आता गाडी नेहमी जितके दिवस उभी असते तितकेच दिवस तशीच सोडा आणि परत मोजा. व्होल्टेज जवळपास तिथेच असेल तर बॅटरी निर्दोष, चोर गाडीत आहे. क्लँप काढलेला असूनही १२.२ वर आली तर बॅटरीच आतून खातेय, नवी असली तरी, आणि ती वॉरंटीत परत द्या. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी वगळतात आणि मग दोन दुकानांमध्ये फुटबॉल होतो.

तुमच्या केसमध्ये बॅटरी बदलूनही तेच होतंय, म्हणजे मला गाडीवरच संशय आहे. आणि किती गळतंय ते मीटर न लावताही अंदाजाने काढता येतं. ४५ ची बॅटरी अर्धी उतरली की बऱ्याच गाड्या सेल्फ घ्यायला कुरकुरायला लागतात, म्हणजे साधारण २२ अँपअवर गेले. ते साडेतीन दिवसांत गेले तर दिवसाला सव्वासहा, तासाला पाव अँपअवरच्या आसपास, म्हणजे सतत २५०-२७० मिलिअँप. आता बंद गाडीचं नॉर्मल खाणं २० ते ५० मिलिअँप असतं, त्यात अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं आलं. ३५ मिलिअँप धरले तर तीच बॅटरी अर्धी व्हायला पंचवीसेक दिवस लागतात. तुमची गाडी त्याच्या सातपट खातेय. हा आकडा डोक्यात ठेवला की शोध सोपा होतो, कारण अडीचशे मिलिअँप म्हणजे सुमारे तीन वॅट. डिकीतला ५ वॅटचा बल्ब असता तर ४०० मिलिअँप खाल्ले असते आणि गाडी सव्वादोन दिवसांतच आडवी झाली असती. म्हणजे बल्बपेक्षा कमी, घड्याळापेक्षा बरंच जास्त. डॅशकॅम, ट्रॅकर, स्टिरिओ, अडकलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) किंवा झोपायला तयार नसलेला एखादा कंट्रोल युनिट (गाडीतला छोटा कॉम्प्युटर), संशयित याच पट्ट्यात असतात.

तेव्हा मीटर हातात घ्यायच्या आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टी बघा. मी तर म्हणेन पहिला संशय कायम त्यांच्यावरच घ्यावा, कंपनीच्या वायरिंगवर नंतर. डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये रात्रभर रेकॉर्ड करतोय का, जीपीएस ट्रॅकर कुठून करंट घेतोय, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडीचे दोष वाचायला स्कॅनर लावतात तो) काही डोंगल खोचून ठेवलंय का (ते नुसतं स्वतः खात नाही, काही गाड्यांना झोपूही देत नाही). आणि स्टिरिओ बाहेरचा असेल तर त्याच्या मागच्या दोन वायर तपासा. पिवळी कायम चालू लाइनवर जाते, मेमरीसाठी, आणि लाल चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर. चावीशिवाय गाणी ऐकता यावीत म्हणून बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेली असते, गिऱ्हाईकही खूश. मग स्टिरिओचा डिस्प्ले बंद दिसतो पण आतला पसारा जागाच राहतो, आणि त्याच्याशी ॲम्प्लिफायर जोडलेला असेल तर तोही त्याच्यासोबत जागा.

डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा बंद होतो की नाही हे झाकण लावल्यावर कसं बघणार? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, झाकण लावा, थोड्या वेळाने काढून बघा. व्हिडिओ काळा झाला म्हणजे दिवा विझला.

एवढं करून काही सापडलं नाही तर मग मीटरने करंट मोजायचा, आणि तो कसा मोजायचा ते पुढच्या प्रश्नात येतंयच.

प्रश्न: मल्टिमीटर सिरीजमध्ये, म्हणजे निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या मध्ये, लावला तर २.८ अँप दाखवले! घाबरून काढला, परत लावला तर ३ च्या वर. मग दार उघडून आतले फ्यूज बघायला गेलो आणि परत आलो तर मीटर शून्य दाखवतोय. आता कितीही वेळा लावला तरी शून्यच. गळती आपोआप बरी झाली का?

उत्तर: नाही, मीटरचा फ्यूज उडालाय. गळती असेल तिथेच आहे.

तुम्ही मोजलेले २.८ अँप हे जाग्या गाडीचे आहेत. निगेटिव्ह काढून परत जोडलं की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट एकदम जागे होतात, एकमेकांशी बोलतात, आतले दिवे लागतात, काही गाड्यांमध्ये फ्युएल पंप नाहीतर फॅनसुद्धा क्षणभर फिरतो. दोन-चार अँप त्यात काहीच नाहीत. मग ते एकेक करून झोपायला जातात. काही गाड्या दहा मिनिटांत, बऱ्याच अर्ध्या तासात, आणि काही जवळजवळ तास घेतात. दार उघडलं, रिमोट दाबला, किंवा बटण स्टार्टची चावी खिशात ठेवून गाडीजवळ घुटमळत राहिलात की उलटी गिनती पहिल्यापासून. झोपलेल्या पोराच्या खोलीत लाइट लावायचा आणि वर विचारायचं की हा जागा कसा, तसं होतं ते.

म्हणून सगळी तयारी आधी करायची. काचा खाली घ्या, फ्यूजबॉक्सचं झाकण काढून ठेवा, बॉनेट उघडा. आता दारं उघडी ठेवावी लागणार असतील तर गाडीला ती बंद वाटली पाहिजेत, त्यासाठी दाराच्या कडेला जे लॉक असतं त्याची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून आत ढकला, बंद होताना येतो तसा टक् आवाज येतो आणि आतला दिवा विझतो. बॉनेटला स्विच असेल तर त्याच्या लॉकलाही हेच. (नंतर दार आणि बॉनेट लावायच्या आधी हँडल ओढून ते लॉक परत मोकळं करा, नाहीतर बंद लॉकवर दार आपटून लॉकची वाट लागते.) गाडी रिमोटने लॉक करा आणि चावी घरात लांब नेऊन ठेवा.

मीटरची लाल वायर १० अँपच्या सॉकेटमध्ये, नॉब डीसी अँपवर. मिलिअँपच्या सॉकेटमध्ये घालू नका, तिथला फ्यूज साधारण २०० ते ४०० मिलिअँपचाच असतो. आता खरी गंमत जोडण्यात आहे. आधी क्लँप काढून मग मीटर लावला तर सप्लाय तुटतो आणि गाडी परत जागी होते. त्यापेक्षा मगरीच्या तोंडाचे क्लिप घ्या, एक निगेटिव्हच्या केबलला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावा, क्लँप अजून जागेवरच आहे, आणि मग क्लँप हळूच वर उचलून काढा. करंट क्षणभरही न तुटता मीटरमधून जायला लागतो. यानंतर चावी फिरवायची नाही, दार उघडायचं नाही, सेल्फ तर चुकूनही मारायचा नाही, सेल्फ शे-दीडशे अँप सहज ओढतो आणि तुमचा मीटर १० चा आहे.

मग चहा घ्या. लगेच आकडा वाचू नका. तासाभराने जो आकडा स्थिर दिसेल तो खरा. ५० च्या आत असेल तर गळती नाही, मोजताना एकदम ३० आणि मध्येच ४०० असा उड्या मारत असेल तर कुठलातरी युनिट मधूनमधून जागा होतोय, आणि २५०-३०० वर ठाण मांडून बसला तर चोर घरातच आहे.

डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर मिळाला तर हे सगळं जोडकाम वाचतं, केबलभोवती नुसता अडकवायचा. पण घेताना बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी करंट (घरच्या विजेचा) मोजतात आणि गाडीच्या केबलवर ते बिनकामाचे.

प्रश्न: स्थिर आकडा ३१० मिलिअँप आहे. एकेक फ्यूज काढून बघितला, आतल्या बॉक्समधले सगळे काढले, आकडा ढिम्म हलत नाही. वायरिंग बदलायला सांगतायत, पूर्ण हार्नेस. बदलू का?

उत्तर: थांबा थांबा, हार्नेसला हात लावू देऊ नका!

आतल्या बॉक्समधले सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही ही खरं तर चांगली बातमी आहे, अर्धी गाडी संशयातून सुटली. उरला बॉनेटखालचा फ्यूजबॉक्स, आणि त्याही आधी उरतात त्या जाड केबल ज्या बॅटरीतून सरळ निघतात: एक सेल्फला, एक अल्टरनेटरला. त्या मोठ्या फ्यूजमधून जातात किंवा काही गाड्यांत थेटच, तुम्ही उपटलेल्या छोट्या फ्यूजशी त्यांचा संबंध नाही.

माझी पैज अल्टरनेटरवर. त्याच्या आत डायोड असतात, अल्टरनेटरकडून बॅटरीकडे करंट जाऊ देणारे, उलटा नाही. त्यातला एखादा गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो आणि तिथे उष्णता होऊन जातो. चार्जिंगच्या चाचणीत हा बऱ्याचदा सुटून जातो कारण बाकीचे डायोड मिळून १४ व्होल्ट देतच राहतात, गॅरेजवाला ओके म्हणतो ते याचमुळे. घरगुती तपासणी: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावा, इंजिन गार आणि तो एकटाच कोमट लागला तर जवळजवळ नक्की. पण गार लागला म्हणजे सुटला असं नाही, थोडीशी गळती हाताला जाणवत नाही.

पक्कं करायचं तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, हे आधी म्हणजे आधीच, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरवर कायम बॅटरीचा करंट असतो आणि पाना त्या नटावरून घसरून इंजिनला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. निगेटिव्ह काढल्यावर ती जाड वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा, मीटर परत वरच्यासारखा लावा, गाडी झोपू द्या. ३१० चे ३० झाले की अल्टरनेटर दुरुस्तीला द्या, डायोड प्लेट बदलून मिळते, आख्खा अल्टरनेटर नवा घ्यायची गरज दरवेळी नसते.

आकडा तरीही तोच असेल तर बॉनेटखालचा बॉक्स घ्या. पण इथे फ्यूज उपटत बसू नका असं माझं मत. उपटताना नाहीतर परत खोचताना झोपलेला युनिट जागा होतो आणि आपण भलत्याच फ्यूजच्या मागे लागतो. फ्यूजच्या डोक्यावर बघा, प्लास्टिकमध्ये दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन टोकं त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर मिलिव्होल्टच्या काही अंशाचा आकडा येतो, कारण फ्यूजच्या तारेलाही थोडा रेझिस्टन्स असतो. १० अँपच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सव्वाशे-दीडशे मिलिअँपच्या घरात. एकही फ्यूज न काढता दहा मिनिटांत बॉक्स तपासून होतो. यासाठी मीटर मात्र ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

फ्यूज सापडला की त्यावर काय काय चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि त्यातली एकेक वस्तू काढा. रिलेवर संशय असेल तर शेजारचा त्याच नंबरचा रिले तिथे घालून बघा. नुसती रिलेची कॉइल चालू राहिली तरी दीडशेच्या आसपास मिलिअँप जातात. रिले बदलूनही तो ओढलेलाच राहिला तर रिलेचा दोष नाही, त्याला हुकूम देणारं कुणीतरी जागं आहे.

एअरबॅगची पिवळी कनेक्टर दिसली तर तिकडे मीटरची टोकं न्यायची नाहीत. त्यात शौर्य नाही.

प्रश्न: सासरे रोज सकाळी गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवतात, जागेवरच, म्हणजे बॅटरी भरते म्हणून. बरोबर आहे का हे? मी काही बोलले तर वाद होतो.

उत्तर: ताई, वादात पडू नका, हिशोब दाखवा. सेल्फ मारताना करंट भलामोठा जातो पण तो एक-दोन सेकंदच, २०० अँप दोन सेकंद धरले तरी अवघे ०.११ अँपअवर. ते तर जागेवरही भरून निघतं. प्रश्न बाकीच्या चोवीस तासांचा. गाडी निरोगी असेल तर दिवसाला जेमतेम एक अँपअवर जातो, मग रोज चालू करायची गरजच नाही. आणि गळती असेल, समजा दिवसाला सहा अँपअवर, तर ते दहा मिनिटांत भरायला सलग ३६ अँप बॅटरीत जायला हवेत. जागेवर चालणाऱ्या इंजिनवर अल्टरनेटर हळू फिरतो, त्यात एसी किंवा हेडलाइट लावले तर उरतं थोडंच, आणि लेड-ॲसिड बॅटरी वरचा हिस्सा भरताना तसंही करंट हळूहळूच घेते. म्हणजे निरोगी गाडीला नको, आजारी गाडीला पुरत नाही.

शिवाय इंजिन धड तापतही नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. सासऱ्यांना सांगा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चक्कर मारून या. त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न: दोन महिने बाहेर जाणार आहे. निगेटिव्ह काढून जाऊ का? गाडी स्टार्ट-स्टॉपवाली आहे, सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं. आणि बहिणीची इलेक्ट्रिक गाडी पण उभी राहणार आहे, तिला तर बॅटरीचा प्रश्न नसेल ना, एवढी मोठी बॅटरी असते.

उत्तर: निगेटिव्ह काढून जायला हरकत नाही, पण बॅटरी पूर्ण भरून मग. अर्धी उतरलेली बॅटरी दोन महिने ठेवली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि नंतर कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून महिन्याला साधारण तीन-पाच टक्के उतरते, उन्हात जास्त. काढण्याआधी दोन गोष्टी बघा: स्टिरिओला कोड लागतो का, आणि रिमोटच्या आत लपवलेली साधी चावी दाराला लागते का. बॅटरी काढल्यावर रिमोट चालत नाही आणि काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते, डिकी विजेवर उघडते, मग बाहेर उभं राहून बघत बसायचं. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांची एका दाबात वर जायची सेटिंग पुन्हा करावी लागेल, एवढंच.

घरी प्लग पॉइंट गाडीपर्यंत पोचत असेल तर मात्र मेंटेनर चार्जर लावून जाणं जास्त चांगलं, तो भरल्यावर आपोआप साडेतेरा व्होल्टच्या आसपास येऊन थांबतो. तुमच्या स्टार्ट-स्टॉप गाडीत एजीएम किंवा ईएफबी बॅटरी (अशा गाड्यांसाठीचे लेड-ॲसिडचेच दणकट प्रकार) असेल, चार्जरवर त्या प्रकाराची सोय आहे का ते बघा. आणि निगेटिव्ह खुंटीवर छोटा सेन्सर दिसेल, चार्जरचा काळा क्लिप थेट खुंटीला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, म्हणजे आत किती चार्ज गेला हे सेन्सरला कळतं. नाहीतर बॅटरी भरलेली असूनही गाडी तिला रिकामीच समजत राहते.

बहिणीच्या गाडीचं म्हणाल तर तिच्यातही १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. लॉक, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळे तिच्यावर, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच तिच्याच करंटवर ओढले जातात. ती बसली तर मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. बऱ्याच गाड्या उभ्या असताना मधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटीला भरून घेतात, पण सगळ्या नाही, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि बहिणीला सांगा, दर थोड्या वेळाने मोबाइल ॲपवर चार्ज किती आहे ते बघू नकोस. प्रत्येक वेळी ॲप विचारतं तेव्हा उत्तर द्यायला गाडी उठते.